शब्द आला नव्हता

त्या दिवशी जेवून उठलो, पक्कड, टेस्टर आणि पॉलिश पेपर पिशवीत टाकला आणि दुपारी दोनला थिएटरवर गेलो. काम साधं होतं. नऊ नंबरचा दिवा लागत नव्हता.

निरोप माझ्या मुलीने आणला होता. ती नाटकात काम करते. सकाळी चहा देताना म्हणाली, "बाबा, सर म्हणाले, नऊ नंबर तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाही. येता का दुपारी?"

"नवीन लाइटवाला काय करतो?"

"तीन दिवस खटपट करतोय. तार ठीक आहे म्हणतो, बल्ब ठीक आहे म्हणतो, तरी लागत नाही म्हणतो."

"म्हणतो फार."

ती हसली. हसताना तिने कप डाव्या हाताने उचलला. ती डावरी नाही. मी पाहिलं, विचारलं नाही. चार दिवस घरात मलमाचा वास येत होता. तालमीने अंग दुखत असेल, असं मी धरून चाललो होतो.

त्या थिएटरात मी सतरा वर्षं दिवे सांभाळले. नंतर सोडलं. एकतीस वर्षं तिकडे पाऊल टाकलं नव्हतं. घरांच्या वायरिंगची कामं केली आणि पोट भरलं. मुलगी नाटकात गेली तेव्हा मी अडवलं नाही. पण हे नाटक घेतलं तेव्हा एकदा नको म्हणालो.

"का नको?"

मी कारण दिलं नाही. कारण न देणाऱ्याच्या नकाराला वजन नसतं.

ती म्हणाली, "बाबा, मी अडतीस वर्षांची आहे. मला आई नाहीतर सासू करायला बोलावतात. हे पहिलं काम आहे ज्यात बाईला काहीतरी हवं असतं. हे मी सोडणार नाही."

नाटक अमेरिकेतलं. जुनं, नावाजलेलं, आपल्या भाषेत आणलेलं. त्यात एक वय उतरत चाललेली बाई आहे. भाड्याच्या खोलीत राहते आणि शिवणकाम करते. आपल्याला न्यायला एक माणूस येणार आहे, असं सगळ्यांना सांगते. त्याच्यासाठी पांढरा झगा शिवत असते. वय कळू नये म्हणून खिडकीचा जाड पडदा कधी उघडत नाही. घराचा मालक तिच्या मागे लागलेला. त्याला ती हवी असते, आणि ती खोटी ठरायलाही हवी असते. शेवटच्या अंकात तो तिला मनगट धरून खिडकीशी ओढत नेतो आणि भर दुपारी पडदा उघडतो. तिच्या चेहऱ्यावर कडक पांढरं ऊन पडतं. सगळ्यांना तिचं वय दिसतं आणि नाटक संपतं.

ते ऊन म्हणजे माझा नऊ नंबर.

मी चौथी शिकलेला. नाटकाची वही मला उपयोगाची नव्हती. मी नाटक कानाने पाठ करायचो. कोणत्या शब्दावर कोणता दिवा, ते दिव्यांच्या बोर्डावर खडूने खुणा करून ठेवायचो. नऊचा शब्द होता "पुरे." ऊन पडायच्या आधी स्टेजवर जवळजवळ अंधार असायचा. मालक म्हणायचा, "बघ बाहेर." ती म्हणायची, "नको." तो म्हणायचा, "कोणी येणार नाहीये." ती म्हणायची, "पुरे." की मी दिवा टाकायचो. सतरा वर्षांत माझा एक दिवा चुकला नाही. मिस्त्री शब्द खाली पडू देत नाही, असं लोक म्हणायचे. मला ते आवडायचं.

बाहेर रस्त्यावर डोळे दिपतील असं ऊन होतं. मागच्या दाराने आत शिरलो आणि काही दिसेना. थिएटरात दुपार नसते. दार लावलं की बाहेरचा आवाज तुटतो आणि आपलाच श्वास कानात येतो. जुन्या पडद्यांचा कुबट वास, ओल्या प्लायचा वास. मी भिंतीला हात लावून उभा राहिलो. डोळे सरावले तशी ती खोली दिसायला लागली. शिवणयंत्र, लोखंडी खाट, आरसा. मागे चार पायऱ्या चढून लेव्हल, म्हणजे लाकडी चौथरा, आणि लेव्हलच्या टोकाला खिडकी. सगळं जिथल्या तिथे होतं, जणू मधली एकतीस वर्षं कोणी पडदा पाडून ठेवली होती.

"या मिस्त्री." सर विंगेतून पुढे आले. "म्हातारे झालात की हो."

तेव्हा ते मालकाचं काम करायचे. आता नाटक बसवतात, पण मालकाचं काम पुन्हा स्वतःच करणार होते. केस काळेभोर केले होते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असतील, नसतील.

"तुम्ही नाही झालात," मी म्हणालो.

"पुरुष म्हातारा कुठे होतो? भूमिका बदलते फक्त."

"तुमची तर तीच आहे."

ते हसले. "तीच. अंगात मुरलीय."

मी खिडकीकडे गेलो. खिडकीला चौकट होती, पडदा होता, पलीकडे काहीच नव्हतं. लेव्हल तिथे संपत होती आणि खाली पुरुषभर खोल सामानाची जागा होती. तिथून वर आलेल्या लोखंडी खांबावर नऊ नंबर बसवलेला.

"इथे फळी टाका," मी म्हणालो. "पाय गेला तर माणूस खाली जाईल."

सर म्हणाले, "फळी टाकली की तोंडावर सावली पडते. तेव्हा तुम्हीच काढायला लावली होती. विसरलात?"

विसरलो नव्हतो.

शिडी लावून दिव्याशी चढलो. होल्डरची पत्ती दबून आत गेली होती, एवढंच. वर ओढली, पॉलिश पेपरने घासली. पाच मिनिटांचं काम. तीन दिवस हे कोणाला दिसलं नाही, याचं आश्चर्य वाटलं. मुठीएवढा बल्ब पुन्हा बसवत होतो तेव्हा मलमाचा वास आला. अगदी जवळून, कोणी खांद्याशी उभं राहावं तसा.

"पोरी?" मी म्हणालो.

उत्तर आलं नाही. वर पाहिलं. खिडकीचा पडदा आत ओढला गेला होता आणि हळूहळू सरळ होत होता. वारा यायला तिथे जागा नाही.

खाली उतरलो आणि बोर्डाकडे गेलो. बोर्ड डाव्या विंगेत, उंच मचाणावर आहे. लोखंडी शिडीने चढावं लागतं. नवीन लाइटवाला चहा प्यायला गेला होता, मी एकटाच होतो. नऊची दांडी वर केली. समोर खिडकीतून पांढरा उजेड आला आणि खोलीभर पसरला. तापलेल्या धुळीचा वास सुटला. दिवा चांगला लागत होता.

दांडी खाली घेताना माझी नजर बोर्डाच्या पत्र्यावर गेली. नऊच्या बाजूला माझी खडूची खूण होती. गोल आणि त्यातून एक रेघ. ती खूण मी एकतीस वर्षांपूर्वी, चौकशीच्या आदल्या दिवशी, ओल्या फडक्याने स्वतः पुसली होती. आता ती होती. खडू ताजा होता, बोटाला लागला. आणि खाली तीन उभ्या रेघा होत्या. त्या मी कधीच काढल्या नव्हत्या.

इथे जुनं सांगितलं पाहिजे.

तेव्हा शिवणवालीचं काम करायची ती नटी मोठ्या ताकदीची होती. सगळे तिला बाई म्हणत. दोनशे प्रयोग झाले होते. एकदा प्रयोगाआधी ती माझ्या शिडीखाली येऊन उभी राहिली. लांब बाह्यांचा झगा, मलमाचा वास.

"मिस्त्री, एक काम कराल? नऊ जरा लवकर टाका."

"का?"

"तो वाक्य लांबवतो. अंधारात. उजेड पडला की सोडतो."

मला कळलं. न कळण्यासारखं काही नव्हतं. पण मी म्हणालो, "बाई, मी शब्दावर दिवा देतो. शब्द जागेवर आला की दिवा. मनाने नाही देत."

ती म्हणाली, "तो पडदा उघडतो तेव्हा लोकांना वाटतं, आता खरं दिसलं. खरं त्याच्या आधी होतं, मिस्त्री. अंधारात."

मला वाटलं, नाटकातलं वाक्य आहे. मी कामाला लागलो.

तीन दिवसांनी दुपारचा प्रयोग होता. थिएटर भरलेलं. अंधार केला. त्याने तिला लेव्हलवर ओढत नेलं. "बघ बाहेर," तो म्हणाला. "नको," ती म्हणाली. मग तो बोलेना. मी दांडीवर हात ठेवून वाट पाहत होतो. अंधारात कपडा फाटल्यासारखा आवाज आला.

"पुरे," ती म्हणाली.

मी ऐकलं. पण त्याचं वाक्य आलं नव्हतं. शब्द जागेवर नव्हता.

"पुरे."

माझा हात दांडीवरच होता.

तिसऱ्यांदा ती इतकं हळू म्हणाली की पहिल्या रांगेलाही गेलं नसेल. मला आलं. मी हललो नाही. मग पोतं पडावं तसा एक आवाज. मग शांत. आणि त्यानंतर, ऐका, त्यानंतर त्याने आपलं वाक्य म्हटलं. रोजच्या आवाजात, रोजच्या चढउतारांसकट.

"कोणी येणार नाहीये."

शब्द कोण देणार? शेवटी मी आपणहून दिवा टाकला. खिडकी रिकामी होती. पडदा हलत होता. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

चौकशीत साहेबाने मला एकच विचारलं, "बाईंनी तो शब्द म्हटला होता का?" हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, मग दिवा का नाही दिला? मी म्हणालो, "शब्द आला नव्हता." अंधारात पाय चुकून बाई गेल्या, असं कागदावर आलं. तो सुटला. मीही सुटलो. माझं नाव राहिलं.

मी मचाणावरून उतरत होतो तेव्हा खाली कपडेवाली मावशी उभी होती. ऐंशीला टेकलेली बाई, अजून सुईत दोरा स्वतः ओवते. सगळे तिला मावशी म्हणतात, मीही म्हणतो. तिच्या हातावर पांढरा झगा होता.

"मिस्त्री, एक सांगते. रागावू नका."

"बोला."

"परवा तुमच्या लेकीने बाह्या वाढवून मागितल्या." तिने झग्याची बाही माझ्यापुढे धरली. शिवणीखाली नवा कपडा जोडला होता. "चार बोटं."

मी त्यावर बोटं लावून पाहिली.

"बाईंनी पण चारच मागितली होती."

"तुम्ही कोणाला सांगितलंत तेव्हा?"

"मी कपडेवाली. मला कोणी विचारलं?" ती म्हणाली. "तुम्हाला विचारलं होतं."

मी थेट रंगपटात गेलो. मुलगी आरशापुढे बसली होती.

"हात दाखव."

"बाबा, आत्ता नको."

"दाखव म्हणतो ना."

तिने हात मांडीवर ओढून घेतला. "दाखवला तर तुम्ही तमाशा कराल. मग हे काम गेलं. मागून सगळे म्हणतील, बाप घेऊन येते तालमीला."

"दुखतं?"

"सोसतं तेवढंच आहे." आरशातून माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "अंधारात जरा जोर करतो. उजेड पडला की सोडतो."

तेच शब्द. तीच खुर्ची असेल कदाचित.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण त्याचं सांगायचं तर माझंही सांगावं लागणार होतं. ती मला शब्दाचा पक्का माणूस समजत आली होती. लहान असताना शाळेत सांगायची, माझे बाबा कधी खोटं बोलत नाहीत. मी तोंड मिटलं आणि बाहेर आलो.

आणि मग मी चोरून एक काम केलं. शिडी लावली, नऊ नंबरचा बल्ब रुमालाने धरून काढला, रुमालात गुंडाळला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. दिवा नाही तर तालीम नाही, असा माझा हिशेब. आज टळलं की रात्री घरी काहीतरी सांगता येईल.

सरांना म्हणालो, "नऊ गेला. आतून जळालाय. तालीम उद्या घ्या."

ते खाटेवर बसले होते. शांतपणे म्हणाले, "आत्ता तर लागला होता. मी पाहिला."

"लागला आणि गेला."

"हरकत नाही. उजेडाशिवाय करू." ते उठले. "तुम्ही फक्त शब्द धरा, मिस्त्री. दांडी ओढायची सवय आहेच तुम्हाला. शब्दावर."

आता विचार करा. उजेड पडला की तो सोडतो. आणि उजेड माझ्या खिशात होता.

माझी मुलगी पांढरा झगा घालून आली. मी म्हणालो, "पोरी, घरी चल." ती म्हणाली, "बाबा, तुम्ही वर जा. सगळे थांबलेत." सगळे म्हणजे सर, ती, विंगेत मावशी आणि मी. मी तिथेच उभं राहायला हवं होतं. वर गेलो. काम असलं की माझे पाय आपोआप शिडीकडे जातात. आयुष्यभर तसंच झालं.

अंधार केला. कोपऱ्यातला एक निळा दिवा तेवढा ठेवला. त्यात माणसाची कड दिसते, चेहरा दिसत नाही. पायऱ्यांवर पावलं वाजली. दोघांची. फळ्या करकरल्या.

"बघ बाहेर," सरांचा आवाज.

"नको," माझी मुलगी म्हणाली.

मग ते बोलेनात.

मी मोजलं नाही, पण फार वेळ गेला. टाचा घासल्याचा आवाज आला. श्वास आला, नाकातून कोंडून निघालेला. मलमाचा वास वर मचाणापर्यंत आला. माझा हात नऊच्या दांडीवर होता आणि दांडी बर्फासारखी गार होती.

"पुरे..."

आवाज खिडकीतून आला. तो माझ्या मुलीचा नव्हता.

मी तो आवाज दोनशेच्या वर प्रयोगांत ऐकला होता. मला कोणी झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन, तो कोणाचा होता.

सर अजून बोलत नव्हते. शब्द जागेवर नव्हता. आणि सांगायला लाज वाटते, माझी बोटं थांबली. मुलगी समोर होती तरी बोटं थांबली. हाडात बसलेलं असतं ते.

"पुरे..."

खाली मावशी कुजबुजली, "मिस्त्री... अहो मिस्त्री..."

मी तिसऱ्याची वाट पाहिली नाही. दांडीला काही अर्थ नव्हता, दिव्यात बल्ब नव्हता, हे मला पक्कं माहीत होतं. तरी दोन्ही हातांनी दांडी वर ढकलली.

खिडकीतून ऊन आलं.

दिव्याचा उजेड मला कळतो. हजार वेळा पाहिलाय. हा त्याहून पांढरा होता. खाटेच्या स्प्रिंगा मोजता आल्या असत्या. माझी मुलगी चौकटीत मागे वाकली होती, एक टाच लेव्हलच्या बाहेर. सरांच्या एका हातात तिचं मनगट होतं आणि दुसरा हात तिच्या तोंडावर दाबलेला. तिच्या बाहीची शिवण उसवली होती. आतला हात कोपरापर्यंत काळानिळा.

सर तिच्याकडे पाहत नव्हते. तिच्या खांद्यावरून पलीकडे, खिडकीबाहेर, जिथे उभं राहायला जागा नाही तिथे पाहत होते. त्यांचे हात सुटले. ते एक पाऊल मागे आले, मग दुसरं.

"म्हणतो..." ते म्हणाले. "वाक्य म्हणतो ना मी... म्हणतो..."

मावशी एवढ्या वयात पायऱ्या चढून गेली आणि तिने मुलीला कमरेला धरून आत ओढलं.

मी मचाणावरून उतरलो. कसा उतरलो आठवत नाही. स्टेजवर आलो तेव्हा सर घाम पुसत होते. उजेड तसाच होता. त्यांनी आवाज सावरला. अशा माणसांचा आवाज लवकर सावरतो.

"दिवा का टाकलात? शब्द आला नव्हता, मिस्त्री."

"आला होता," मी म्हणालो.

"नव्हता आला."

"तेव्हाही आला होता. तीनदा. मी ऐकला होता आणि मी दिवा दिला नाही. आणि बाई पडल्यावर तुम्ही वाक्य म्हणालात. चौकशीत मी खोटं बोललो." मी मुलीकडे पाहिलं. "तुझा बाप खोटं बोलला."

ती मावशीच्या खांद्याला टेकून बसली होती. फक्त माझ्याकडे पाहत राहिली. एवढ्या उजेडात मला कोणी कधी पाहिलं नव्हतं.

मग नऊ नंबर विझला. दांडी वरच होती.

मी तिला घेऊन निघालो. दारापाशी ती थांबली. "बाबा... शब्द कोणी म्हटला?"

"तू नाही म्हटलास?"

"माझं तोंड दाबलं होतं."

पुढे फार नाही. मुलीने काम सोडलं. सरांनी लोकांना सांगितलं, मिस्त्री भ्रमिष्ट झालाय. मी पोलिसांत गेलो आणि जुना जबाब बदलून द्यायचा आहे म्हणालो. तिथला माणूस म्हणाला, "आजोबा, एकतीस वर्षं झोपला होतात का?" मी हो म्हणालो. त्याने लिहून घेतलं. मी सही केली. मावशीनेही केली. मुलीने आपला हात दाखवला आणि त्यांना त्याचाही कागद करावा लागला. ते नाटक पुन्हा उभं राहिलं नाही. मुलगी पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी तिने माझ्यापुढे चहा ठेवला, उजव्या हाताने.

बल्बचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी घरी येऊन खिशातून काढला तेव्हा रुमाल जळून तपकिरी झाला होता. सदऱ्याच्या खिशाला भोक. छातीवर डाव्या बाजूला मुठीएवढा चट्टा आहे, अजून आहे. तिथे चटका बसताना मला कळलंही नाही. बल्ब मी बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवला, झाकण लावलं आणि डबा फडताळात ठेवला. फेकवला नाही.

सुरुवातीला आम्ही घरात तो शब्द म्हणायचं टाळायचो. मुलगी ताटावर हात आडवा धरायची. पण रोजचा शब्द आहे, किती दिवस टाळणार? एकदा वाढताना तिच्या तोंडून गेलाच. आम्ही दोघांनी फडताळाकडे पाहिलं. काही झालं नाही. मग आम्ही मोकळे झालो. पाहुणे येतात, म्हणतात. मी स्वतः म्हणतो. तारेला न जोडलेला बल्ब आहे, तो काय करणार?

परवा शेजारची सून आली होती. नवीन लग्न झालेली, हसरी, मुलीशी तिची गट्टी आहे. दुपारची वेळ, उकाडा मरणाचा. मुलगी आत काहीतरी आणायला गेली म्हणून मीच किटली उचलली आणि तिच्या कपात दुसऱ्यांदा चहा ओतला.

"पुरे, काका," ती म्हणाली. हसतच म्हणाली.

फडताळाच्या दाराच्या फटीतून पांढरी रेघ बाहेर आली. आधी जमिनीवर, मग भिंतीवर, मग तिच्या मांडीवर. तिने वळून पाहिलं आणि झटकन हात खाली घेतला.

मी किटली ठेवली. भर उन्हाळ्यात तिने पूर्ण बाह्यांचा झगा घातला होता. मनगटाजवळ शिवणीखाली नवा कपडा जोडलेला होता. मी बोटं लावून पाहिली नाहीत. लांबून मोजली.

चार होती.